पगाराची बोली तोंडी, भांडण मात्र खरं: छोट्या दुकानात माणूस ठेवताना काय लिहून ठेवायला हवं?

महिन्याची 12 तारीख. दुकान उघडायच्या आधीच फोन वाजतो.

"मालक, उद्यापासून मी येत नाही. पुण्याला काम लागलंय. आजपर्यंतचा माझा हिशेब करून ठेवा."

मालक वही काढतो. दोन महिन्यांपूर्वी पाच हजार रुपये उचल दिल्याची नोंद आहे. त्यातले किती फिटले, यावर दोघांचं म्हणणं वेगळं. मालक म्हणतो एक हजार, कामगार म्हणतो दोन. गणपतीत सुट्टीच्या दोन दिवशी काम केलं होतं, त्याचे पैसे वेगळे द्यायचे की पगारातच धरायचे, हे कधी ठरलंच नव्हतं. अर्ध्या तासात आवाज चढतात. दोन वर्षं एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना 'बघून घेतो' म्हणतात.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण कराडला लागून असलेल्या मलकापुरात महामार्गाच्या कोणत्याही सर्व्हिस रोडला उभं राहून विचारलं, तर तो कुणाला नवा वाटणार नाही.

सातारा जिल्ह्यातलं हे मलकापूर (बुलढाण्यातलं आणि शाहूवाडी तालुक्यातलं वेगळं) पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलं. हॉटेलं, गॅरेज, स्पेअर पार्टची दुकानं, फर्निचर, कृष्णा रुग्णालयाच्या परिसरातली मेडिकल आणि मेस, असा सगळा छोटा धंदा. मालक स्वतः गल्ल्यावर आणि हाताखाली चार, आठ, फार तर बारा माणसं. इथे एचआर विभाग नसतो. माणूस ओळखीतून येतो, पगार तोंडी ठरतो आणि हिशेब डोक्यात राहतो.

धंदा लहान म्हणून हे चालून जातं, असा समज आहे. पण कायद्याच्या बाजूने पाहिलं, तर तोंडी व्यवहारात सगळ्यात जास्त धोका मालकालाच आहे. कसा, ते समजून घेऊया.

कायदा नेमका काय बदलला?

देशातले 29 कामगार कायदे एकत्र करून केंद्राने चार संहिता केल्या. वेतन संहिता 2019 ची, तर औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या तीन संहिता 2020 च्या. बरीच वर्षं त्या कागदावरच होत्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या. जुने नियम आणि अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील, तर नवे येईपर्यंत त्यांचा आधार घेतला जातो.

छोट्या मालकासाठी यातली सगळ्यात महत्त्वाची वेतन संहिता. कारण ती कामगारांची संख्या बघत नाही. एक माणूस कामाला असला तरी किमान वेतन, वेळेवर पगार आणि कपातीचे नियम लागू होतात.

याच संहितेत एक कलम आहे, जे प्रत्येक दुकानदाराने एकदा तरी वाचावं. कामगाराने 'मला पगार मिळाला नाही' किंवा 'कमी मिळाला' असा दावा केला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. असा दावा करायला कामगाराकडे तीन वर्षं असतात.

म्हणजे 12 तारखेच्या त्या भांडणात मालक खरा असला, पैसे रोख दिले असले, पण सही घेतली नसली, तर कायद्यापुढे त्याचा हात रिकामा आहे.

पगाराचं रजिस्टर ठेवणं आणि पगाराची पावती देणं हेही या संहितेत आहे. शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्यांना यातून सूट आहे, दुकानाला नाही. नोंदी न ठेवल्यास 10 हजार रुपयांपर्यंत, तर देय रकमेपेक्षा कमी पैसे दिल्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माणूस निवडताना: ओळख पुरते का?

गावाकडे भरतीचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे 'आपल्या ओळखीतला पोरगा आहे'. यात वाईट काही नाही. ओळखीचा माणूस सहसा टिकतो आणि गल्ल्याजवळ ठेवायला भीती वाटत नाही. अडचण दुसरीच होते. ओळखीच्या माणसाला काम येतं का, हे विचारायला संकोच वाटतो आणि नंतर काढायला त्याहून जास्त.

यावर साधा उपाय आहे. ओळखीने आलेला असो वा बाहेरचा, प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारायचे. आधी कुठे काम केलं? ते का सोडलं? घरापासून येण्या-जाण्याची सोय काय? वर्षातले कोणते दिवस येता येणार नाही?

शेवटचा प्रश्न या भागात फार कामाचा. कराड-पाटण तालुक्यांतून येणाऱ्या कामगाराच्या घरी बहुधा शेती असते. पावसाळ्यात भात लावणी, हिवाळ्यात ऊसतोड, चैत्र-वैशाखात गावची जत्रा. त्या दिवसांत तो येणार नाही, हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही. मग जत्रेच्या दिवशी मालक 'खाडा' मांडतो आणि कामगार रुसतो. गावची जत्रा कोणत्या महिन्यात आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून कॅलेंडरवर लिहिलं, तर बदली माणूस आधी शोधता येतो.

त्यानंतर एक-दोन दिवस प्रत्यक्ष काम देऊन बघावं. गॅरेजवाल्याने एक चाक काढायला सांगावं, मेडिकलवाल्याने दहा औषधं शोधून द्यायला सांगावीत. मात्र या 'ट्रायल'च्या दिवसाचेही पैसे द्यायचे. काम करून घेतलं की मजुरी देणं आलंच.

ओळखीबाहेर शोधायचं असेल, तर कराडच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करता येते. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवरही जागा टाकता येते.

दोन गोष्टी मात्र टाळायलाच हव्यात. पहिली, वय न बघता पोरगा ठेवणं. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. 'घरची परिस्थिती वाईट आहे, म्हणून ठेवला' हा बचाव होत नाही. दुसरी, दाखला किंवा मार्कशीट मूळ स्वरूपात अडकवून ठेवणं. प्रत घ्या, मूळ कागद परत द्या. कागद अडकवला म्हणून माणूस मनापासून काम करत नाही.

पगार किती ठरवायचा?

'बाजारात जो चालू आहे तो' हे उत्तर अर्धंच आहे. राज्य सरकार वेगवेगळ्या व्यवसायांसाठी किमान वेतन जाहीर करतं. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी परिमंडळं आहेत. महापालिका क्षेत्र पहिल्या, नगरपरिषद क्षेत्र दुसऱ्या आणि उरलेला भाग तिसऱ्या परिमंडळात. मलकापूर आता नगरपरिषद आहे. म्हणजे शेजारच्या ग्रामपंचायत हद्दीतल्या दुकानाचा दर इथे लावून चालणार नाही.

मूळ दराच्या वर विशेष भत्ता असतो. तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेला पगार आज किमान वेतनाखाली गेलेला असू शकतो. जानेवारी आणि जुलैत कामगार विभागाच्या संकेतस्थळावरचा नवा दर बघणं, ही सवय लावून घ्यायला हवी.

त्याच कामासाठी बाईमाणसाला कमी पगार देण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. वेतन संहितेने त्यालाही मनाई केली आहे. काम सारखं, तर पगार सारखा.

पगार महिन्याचा असेल, तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा लागतो. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम करून घेतलं, तर त्या तासांचा दर दुप्पट. आठवड्यातून एक सुट्टी हक्काची.

शक्यतो पगार बँकेत किंवा यूपीआयने द्यावा. यात हिशेबाची सोय आहे आणि मघाशी सांगितलेला पुरावाही आपोआप तयार होतो. रोख द्यायचा असेल, तर रक्कम, तारीख आणि सही एका ओळीत हवी.

उचल, तूट आणि दंड: कापायचं किती?

उचल हा इथल्या मालक-कामगार नात्याचा भागच आहे. लग्न, दवाखाना, शाळेची फी, सगळ्याला पहिली हाक मालकालाच जाते. उचल देणं चुकीचं नाही आणि ती पगारातून वळती करून घ्यायला कायद्याची परवानगीही आहे. पण एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत.

उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, असं मात्र कुणालाही म्हणता येत नाही. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. माणूस जाऊ शकतो. राहिलेली उचल हा वेगळा हिशेब.

गल्ल्यात तूट आली की ती सगळ्यांच्या पगारातून सारखी वाटून कापायची, हीसुद्धा जुनी सवय. कायद्यात तसं बसत नाही. ज्याच्या ताब्यात पैसे किंवा माल होता, त्याच्याच हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असेल, तरच कापता येतं, आणि तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. म्हणून गल्ला कुणाच्या ताब्यात कधी होता, याची नोंद हवी.

उशिरा आला म्हणून 'शंभर रुपये दंड' हेही मनाने ठरवता येत नाही. जितका वेळ काम झालं नाही, तितक्या वेळाचे पैसे कापता येतात. त्यापलीकडचा दंड सरकारने मंजूर केलेल्या आणि दुकानात लावलेल्या यादीप्रमाणेच, आणि महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंतच. 15 हजार पगारावर ही रक्कम होते 450 रुपये.

आता 12 तारखेचा तो हिशेब करून बघू

पगार 15 हजार, महिन्याचे कामाचे दिवस 26 धरले, तर एका दिवसाचे साधारण 577 रुपये. महिन्यात 11 दिवस काम झालं, तर 6,346 रुपये. उचल पाच हजार, त्यातली दोन हजार फिटलेली, बाकी तीन हजार. 50 टक्क्यांची मर्यादा होते 3,173 रुपये, म्हणजे तीन हजार कापता येतात. हातात द्यायचे 3,346 रुपये. सुट्टीच्या दिवशीचं काम आधी दिलं नसेल, तर ते वेगळं धरायचं.

हे पैसे कधी द्यायचे? माणूस स्वतः सोडून गेला काय किंवा मालकाने काढला काय, दोन कामाच्या दिवसांत. 'पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या पगाराबरोबर ये' असं सांगता येत नाही.

दोन हजार फिटल्याच्या दोन ओळी सहीसकट वहीत असत्या, तर हा सगळा हिशेब पाच मिनिटांचा होता. आवाज चढायचं कारणच नव्हतं.

माणसं वाढली की काय बदलतं?

संख्या वाढेल तशी जबाबदारी वाढते. हे टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिल्या माणसापासून: किमान वेतन, रजिस्टर, पावती. शिवाय व्यवसाय कर. महिना 10 हजारांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कामगाराचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापून मालकाने भरायचे असतात. महिलांना 25 हजारांपर्यंत हा कर नाही.

10 माणसांपासून: ईएसआय लागू होतं. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. 15 हजार पगारावर मालकाचे साधारण 488 रुपये जातात. त्या बदल्यात कामगार आजारी पडला, तर उपचार आणि रजेतला काही पगार त्या योजनेतून मिळतो. याच टप्प्यावर नियुक्तिपत्र देणं बंधनकारक होतं. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा आणि ग्रॅच्युइटीही इथूनच. सलग पाच वर्षं काम केलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, ठरावीक मुदतीवर ठेवलेल्याला आता एका वर्षानंतरच. 15 हजार पगारावर सहा वर्षं काम केलेल्या माणसाची ती रक्कम होते जवळपास 51,900 रुपये. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही 10 माणसांपासून लागते. त्याहून कमी असतील, तर महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. दुकान लहान आहे म्हणून तक्रारीचा मार्ग बंद होत नाही.

20 माणसांपासून: भविष्य निर्वाह निधी. मालक आणि कामगार दोघांचे 12-12 टक्के. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातली नोंदणीची मर्यादाही 2025 च्या दुरुस्तीने 10 वरून 20 वर गेली. त्याखालच्या दुकानांनी ऑनलाइन सूचना दिली की पुरतं.

कागदावर येण्याचा फायदाही आहे. 1 ऑगस्ट 2025 पासून 31 जुलै 2027 पर्यंत नव्याने निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी केंद्राची पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना आहे. भविष्य निर्वाह निधीत नोंदणी असलेल्या आणि 50 पेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाने किमान दोन जास्तीची माणसं ठेवली आणि सहा महिने टिकवली, तर प्रत्येकामागे महिना 3 हजार रुपयांपर्यंत दोन वर्षं मिळू शकतात. तोंडी बोलीवर ठेवलेल्या माणसाला यात जागा नाही.

काढायची वेळ आली तर?

'उद्यापासून येऊ नको' हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. धंदा मंदावला म्हणून माणूस कमी करायचा असेल आणि त्याने सलग वर्षभर काम केलेलं असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार आणि कामाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो.

चोरी, मारामारी, वारंवार न सांगता गैरहजेरी अशी कारणं असतील, तर रीत वेगळी. काय चुकलं ते तारखेसह लेखी द्यायचं, त्याचं उत्तर घ्यायचं, मग निर्णय. पहिल्या चुकीला एकट्याला बाजूला घेऊन बोलावं आणि वहीत एक ओळ लिहावी. गिऱ्हाइकासमोर ओरडलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, पण त्याचं लक्ष दुसरं काम शोधण्यात असतं.

कागद कामगारावर अविश्वास दाखवतो का?

अनेक मालकांना हीच अडचण वाटते. 'घरच्यासारखा आहे, त्याच्याकडून सही कशी घ्यायची?'

याचं उत्तर मलकापूरच्याच नळात आहे. 24 तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर, या योजनेमुळे या छोट्या गावाचं नाव देशपातळीवर घेतलं गेलं. मीटर लागला म्हणून कुणी कुणाला चोर ठरवलं नव्हतं. किती वापरलं हे दोघांनाही दिसू लागलं, इतकंच. पगाराच्या वहीचं काम तेच आहे. तिची एक प्रत कामगाराकडे असली, की ती जितकी मालकाची तितकीच त्याची.

पहिल्या दिवशी काय लिहायचं?

यासाठी वकील लागत नाही. एक पान पुरतं, मराठीत, दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांसह:

1. नाव, वय, पत्ता आणि रुजू झाल्याची तारीख.
2. काम काय करायचं. 'पडेल ते' असं लिहू नये.
3. पगार किती, कोणत्या तारखेला आणि कसा मिळेल.
4. कामाची वेळ, जेवणाची सुट्टी, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी.
5. जास्त वेळ किंवा सुट्टीच्या दिवशी काम केलं, तर पैसे कसे मिळतील.
6. रजा कुणाला आणि किती आधी सांगायची. गावची जत्रा, लावणी, तोड यांचे महिने.
7. उचल मिळाली, तर दरमहा किती कापली जाईल.
8. सोडताना दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं.

याच्या जोडीला हजेरीची वही आणि उचलीचं एक पान. रोज दोन मिनिटांचं काम. आधीपासून कामाला असलेल्यांनाही हे पान देता येतं. पुढच्या पगाराच्या दिवशी सुरुवात केली, तर कुणाला वावगं वाटत नाही. एखाद्या नियमाबद्दल शंका असेल, तर साताऱ्यातल्या कामगार विभागाच्या कार्यालयात विचारता येतं. तिथे कामगारांप्रमाणेच मालकांनाही माहिती मिळते.

माणसं पुण्याला जाणार, हे थांबवता येणार नाही. पण हिशेब मिटवून, चहा पिऊन गेलेला माणूस चार महिन्यांनी स्वतः परत येऊ शकतो किंवा जागेवर धाकट्या भावाला पाठवतो. भांडून गेलेला माणूस गावात जाऊन 'तिकडे जाऊ नका' एवढंच सांगतो, आणि पुढच्या माणसाच्या शोधात मालकाला नेमकं तेच नडतं.